चाळीस पायांचा पदच्छेद

सोलापुरांत मागावर चादर विणली जातांना ज्यानें पाहिली आहे, त्याला जॅकार्डची ओळख करून द्यावयास नको. मागाच्या माथ्यावर तें यंत्र बसविलेलें असतें. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकामागून एक त्यापुढें सरकतात. जेथें भोंक असेल तेथला हुक उचलला जातो, जेथें नसेल तेथला जागच्या जागीं राहतो. हुकास बांधलेले ताण्याचे धागे त्याच्याबरोबर वर येतात आणि वरच्या व खालच्या धाग्यांमधून बाण्याचा धागा निघून जातो. चादरीवरचा मोर काय किंवा वेलबुट्टी काय, शेवटीं शेंकडों 'वर' व 'खालीं' यांचीच ती बेरीज असते. तथापि नक्षी समजणें निराळें आणि माग दुरुस्त करतां येणें निराळें. कोणता हुक कोणते धागे उचलतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें नक्षीचा कागद उलगडून ठेवला तरी चादरींतला दोष त्यास सांपडत नाहीं. यंत्राच्या प्रत्येक अवयवाचें नांव व नातें सांगणारा नकाशा हाच दुरुस्तीचा पाया होय.

हाच नियम आज पुष्कळ घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या एका वस्तूसहि लागू आहे. १९९० नंतरच्या दशकांत जीं मुलें लहान होतीं, त्यांस टी.व्ही.ला जोडावयाचा व्हिडिओ गेम आठवत असेलच. रंगीत प्लॅस्टिकची जाडजूड 'कॅसेट' वरून दाबून बसवावयाची, बटण दाबावयाचें, आणि मोठ्या भावाचा डाव संपेपर्यंत धाकट्यांनीं आपल्या पाळीची वाट पाहावयाची, असा तो काळ होता. हीं यंत्रें बहुधा एका जपानी यंत्राच्या प्रतिकृति होत्या. क्योटो येथील निन्टेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्यूटर', म्हणजे थोडक्यांत 'फॅमिकॉम', नांवाचें यंत्र जपानांत विक्रीस काढलें. सोलापुरांत वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्थापन झाली तें हेंच वर्ष. मासायुकी उएमुरा हे या यंत्राचे प्रमुख रचनाकार; ते २०२१ सालीं निवर्तले. हें यंत्र व परदेशांकरितां काढलेलें त्याचें दुसरें रूप मिळून जगभर ६ कोटी १९ लाखांच्या जवळपास खपलीं. प्रतिकृति किती खपल्या याची तर गणतीच नाहीं.

असें यंत्र आज कोणी माळ्यावरून काढून जोडलें, आणि पडद्यावर केवळ करडा रंग किंवा विस्कटलेले चौकोन दिसले, तर घरांत बहुधा एकच वाक्य ऐकूं येतें : "जुनें झालें, टाकून द्या." प्रस्तुत लेखाचा उद्देश या वाक्याच्या आधीं आणखी एक प्रश्न विचारावयास लावणें हा आहे. यंत्रांतला कोणता पाय बोलत नाहीं?

खिळे सोडवून झांकण काढलें म्हणजे आंत एक हिरवी किंवा पिवळसर पाटी दिसते. हिलाच मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघांचें जाळें असतें, आणि त्या रेघांना पाय टेकून कांहीं काळ्या चिपा बसलेल्या असतात. दोन्ही कडांना ओळीनें पाय असलेली चिप पाहिली म्हणजे गोमेची आठवण होते. फॅमिकॉमच्या पाटीवर अशा दोन मोठ्या चिपा आहेत. दोहोंनाहि प्रत्येकीं ४० पाय. एक गणित करणारी, तिचें नांव २ए०३. दुसरी चित्र काढणारी, तिचें नांव २सी०२. दोन्ही रिको कंपनीनें बनविलेल्या. यांखेरीज २०४८ अक्षरें मावतील अशा २४ पायांच्या दोन स्मृतिचिपा, आणि १६ किंवा २० पायांच्या कांहीं छोट्या चिपा, असा हा परिवार आहे. यांपैकीं छोट्या चिपा व स्मृतिचिपा बाजारांत सर्वत्र मिळत असल्यामुळें त्यांच्या प्रत्येक पायाचें काम छापील पुस्तिकांत दिलेलें असतें. दोन मोठ्या चिपा मात्र या यंत्रापुरत्याच घडविलेल्या. त्यांच्या पाठीवर नांव असतें, पायांवर कांहींच नसतें. त्यांचा नकाशा जगभरच्या छंदिष्टांनीं एकेक पाय मोजून तयार केला, आणि दुसऱ्यांनीं पुन्हां मोजून तो पक्का केला.

संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली, त्याला हें काम परकें वाटत नाहीं. संहितेंत शब्द एकमेकांत मिसळून सलग येतात. संधीमुळें एकाचें शेवटचें अक्षर दुसऱ्याच्या पहिल्यांत विरून जातें. ऋग्वेदाचा पदपाठ ज्यांच्या नांवावर आहे त्या शाकल्यांनीं हें सलग वस्त्र उसवून त्यांतला प्रत्येक शब्द सुटा केला. मूळ मंत्रांत त्यांनीं नवें कांहीं घातलें नाहीं. परंतु त्यांच्या त्या कामावांचून पुढील भाष्यकारांस एक पाऊलहि टाकतां आलें नसतें. पाटीवरील तांब्याचें जाळें ही संहिता. चिपेच्या पायांची यादी हा तिचा पदपाठ. पदें सुटीं झाल्यावर मग अन्वय, आणि अन्वय लागल्यावर मग अर्थ, हा क्रम येथेंहि चुकत नाहीं.

प्रथम पाय मोजण्याची रीति सांगितली पाहिजे. चिपेच्या एका टोकास अर्धगोल खांच किंवा बारीकसा ठिपका असतो. चिप वरून पाहत असतां ती खांच वरच्या बाजूस धरावी; डाव्या ओळींतला सर्वांत वरचा पाय पहिला. तेथून डाव्या बाजूनें खालीं उतरावें व उजव्या बाजूनें वर चढावें. ४० पायांच्या चिपेंत डावीकडे खालीं २० वा पाय येतो, त्याच्या समोर २१ वा, आणि पहिल्याच्या समोर ४० वा. थोडक्यांत, ही उलटी प्रदक्षिणा होय. पाटी पालथी घातली कीं डावें तें उजवें होतें, कारण आपण आरशांतलें चित्र पाहूं लागतों. म्हणून पालथ्या बाजूनें मोजावयाचें असल्यास पहिल्या पायाजवळ पाटीच्या दोन्ही अंगांस शाईनें खूण करून ठेवावी.

पुढचा प्रश्न ज्ञानाच्या साधनांचा आहे. आपल्या नैयायिकांनीं प्रमाणें चार मानिलीं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चिपेच्या पायांचा नकाशा करणारास या चारींचाहि उपयोग करावा लागतो. मात्र कोणती गोष्ट कोणत्या प्रमाणानें कळली, हें त्यानें वहींत प्रत्येक पायासमोर लिहून ठेवलें पाहिजे. साऱ्या खटाटोपाचें मर्म या एका रकान्यांत आहे.

शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य : छापील पुस्तिका, चिपेच्या पाठीवरील अंक, पाटीवर छापलेलीं अक्षरें. येथील स्फटिकाचेंच उदाहरण घ्या. यंत्राचा ठोका ज्या स्फटिकावर चालतो त्याच्या डबीवर बहुधा त्याची गति छापलेली असते. मूळ जपानी यंत्रांत ती सेकंदास सुमारें २ कोटी १४ लाख ७७ हजार कंपनें इतकी असून गणितचिप तिला १२ नीं भागते. आपल्या देशांतील टी.व्ही. पाल पद्धतीचा, सेकंदास ५० वेळां पडदा भरणारा. त्या पद्धतीसाठीं बनविलेल्या पुष्कळ प्रतिकृतींत स्फटिक सुमारें २ कोटी ६६ लाख कंपनांचा असतो आणि चिप त्याला १५ नीं भागते. दोन्ही भागाकार करून पाहिले असतां उत्तर पावणेअठरा लाखांच्या आसपास येतें. स्फटिक निराळा असूनहि जपानी खेळ आपल्याकडे साधारण त्याच चालीनें कां चालत, याचें कारण डबीवरच्या एका आंकड्यावरून उलगडतें.

प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे मल्टिमीटर. यंत्राचा वीजपुरवठा पूर्णपणें काढून, मल्टिमीटर 'बझर'वर ठेवून एक टोंक एका जागीं व दुसरें दुसऱ्या जागीं टेकवावें. मधली वाट सलग असेल तर तो वाजतो. प्रथम जमीन शोधावी, म्हणजे विजेच्या परतीची वाट. ७८०५ नांवाचा तीन पायांचा विद्युत्-नियामक बहुतेक जुन्या यंत्रांत असतो. त्याचा मधला पाय म्हणजे जमीन, आणि छापील बाजू आपणांकडे केली असतां उजवा पाय म्हणजे ५ व्होल्टचा पुरवठा. या दोन जागा सांपडल्या म्हणजे प्रत्येक चिपेचे दोन पाय लागलीच ओळखूं येतात. फॅमिकॉमच्या दोन्ही मोठ्या चिपांत २० वा पाय जमीन व ४० वा पाय पुरवठा आहे.

यानंतर कॅसेटच्या खांचेकडे वळावें. फॅमिकॉमच्या खांचेंत ६० बिंदु आहेत आणि त्या ६० बिंदूंचा नकाशा आज सर्वश्रुत आहे. गणितचिप कॅसेटमधून माहिती मागतांना ती कोठल्या घरांतून हवी याचा पत्ता अनेक रेघांवरून एकदम पाठविते. ०, १, २ असे त्या रेघांस क्रमांक आहेत. खांचेच्या १३ व्या बिंदूवर मल्टिमीटरचें एक टोंक ठेवून दुसरें गणितचिपेच्या पायांवरून फिरवीत गेलें, तर तो ४ थ्या पायावर वाजतो. १२ वा बिंदु ५ व्या पायावर, ११ वा ६ व्यावर, आणि असें करीत करीत २ रा बिंदु १५ व्या पायावर. एक ओळ उतरते व दुसरी चढते. पुढच्या तीन पत्त्यांसाठीं ३३, ३४ व ३५ हे बिंदु अनुक्रमें १६, १७ व १८ या पायांशीं जुळतात. माहिती आणणाऱ्या आठ रेघा खांचेंत ३६ पासून ४३ पर्यंत व चिपेवर २१ पासून २८ पर्यंत एकाच दिशेनें जातात. पहिल्या अर्ध्या तासांत चाळिसांपैकीं पंचवीस पायांचा पत्ता लागतो, आणि हें सर्व एकहि वीज-ठिणगी न पाडतां.

तरीहि एका साक्षीवर निकाल देऊं नये. बझर फसवूं शकतो. मधें अगदीं थोड्या रोधाचें वेटोळें असलें तरी तो वाजतो, आणि मोठें धारित्र भरत असतांना क्षणभर वाजून गप्प होतो. म्हणून दुसरा साक्षीदार शोधावा. ४ था पाय जर खरोखरच पत्त्याची शून्य क्रमांकाची रेघ असेल, तर ती रेघ गणिताच्या बाजूच्या स्मृतिचिपेसहि गेली पाहिजे. आणि छापील पुस्तिकेप्रमाणें तिचा तो पाय ८ वा. तेथेंहि बझर वाजला म्हणजे प्रत्यक्ष व शब्द या दोहोंची सांगड बसली. वहींतली नोंद अशी होईल :

पाय ४ : पत्त्याची रेघ शून्य : खांचेचा बिंदु १३ व स्मृतिचिपेचा पाय ८ यांशीं सलग : प्रत्यक्ष, दोन साक्षी.

पाय १९ : पत्त्याची रेघ पंधरा : खांचेशीं सलग नाहीं, छोट्या निवडचिपेकडे जातो : प्रत्यक्ष व अनुमान.

ही दुसरी नोंद मुद्दाम दिली आहे. १९ वा पाय कॅसेटच्या कोणत्याच बिंदूवर वाजत नाहीं. घाईचा मनुष्य म्हणेल कीं तो तुटला आहे किंवा निरुपयोगी आहे. परंतु ४ पासून १८ पर्यंतचे पाय पत्त्याच्या शून्यापासून चौदाव्या रेघेपर्यंत अखंड क्रमानें आलेले आहेत. तेव्हां त्यांच्या शेजारचा १९ वा हा पंधराव्या रेघेचा असावा, हें अनुमान होतें. शोध केल्यावर तो १६ पायांच्या निवडचिपेशीं सलग सांपडतो. ती चिप त्या रेघेवरून कॅसेटला हांक मारावयाची कीं नाहीं हें ठरविते, आणि तिची हांक खांचेच्या ४४ व्या बिंदूवर पोहोंचते. अनुमान येथें खरें ठरलें, कारण त्यामागें हेतु होता व त्याची परीक्षा झाली.

आतां उपमान. गणितचिप २ए०३ हिच्या पोटांत ज्या चिपेचा गाभा आहे ती अमेरिकेच्या एम.ओ.एस. टेक्नॉलॉजी कंपनीची ६५०२ ही चिप १९७५ सालीं निघाली. तिलाहि ४० च पाय आणि आज्ञाहि बहुतांशीं त्याच. फॅमिकॉमच्या चिपेंत दशमान पद्धतीचें गणित वगळलें असून ध्वनि काढण्याचें काम वाढविलें आहे, इतकाच काय तो फरक, असें समजून कोणी ६५०२ चा छापील नकाशा येथें लावूं जाईल. 'गाईसारखा गवय' हें ठीक. पण गवयास गाय समजून धार काढावयास बसूं नये. ६५०२ मध्यें ५ व्होल्टचा पुरवठा ८ व्या पायास द्यावयाचा असतो. फॅमिकॉमच्या चिपेंत ८ वा पाय पत्त्याच्या चौथ्या रेघेचा आहे. ६५०२ चा २१ वा पाय जमीन आहे; येथें तो माहितीची सातवी रेघ. ६५०२ चा ४० वा पाय यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरू करण्याचा. येथें तो पुरवठा. भावकी एक असली तरी घरांचे दरवाजे निराळे. केवळ साम्यावर विसंबून वीज जोडणारा मनुष्य चांगली चिप क्षणांत मारूं शकतो. म्हणून वहींत ज्या पायासमोर 'उपमान' एवढेंच लिहिलें असेल त्यास मोजल्यावांचून वीज लावूं नये.

चित्रचिपेपाशीं आलें म्हणजे काव्यशास्त्राची आठवण होते. २सी०२ चे ३१ पासून ३८ पर्यंतचे आठ पाय एका क्षणीं पत्ता सांगतात आणि दुसऱ्या क्षणीं त्याच पायांवरून माहिती ये-जा करते. श्लेषांत एका शब्दाचे दोन अर्थ होतात, त्याचाच हा प्रकार! श्लेषाचा अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. येथें तो संदर्भ ३९ वा पाय देतो. त्यावर वीज चढली कीं आठ पायांवरची वस्तु पत्ता समजावी. आणि ती उतरतांच ७४एलएस३७३ ही वीस पायांची छोटी चिप तो पत्ता आपल्यापाशीं धरून ठेवते, म्हणजे ते आठ पाय माहितीसाठीं मोकळे होतात. हें ज्यास ठाऊक नाहीं त्याला एकाच पायासाठीं दोन निराळीं नांवें सांपडतात आणि आपल्याच मोजणीचा संशय येऊं लागतो. नकाशांत अशा पायांस दोन्ही नांवें द्यावींत व कोणाच्या खुणेनें अर्थ बदलतो तेंहि लिहावें.

दुसरी सूक्ष्म गोष्ट अभावाची. कित्येक पायांच्या नांवावर आडवी रेघ ओढलेली असते. ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. अशा पायांत वीज असतां तो गप्प असतो आणि वीज नाहींशी झाली म्हणजे आज्ञा देतो. गणितचिपेचा ३ रा पाय या जातीचा आहे. यंत्र चालूं असतां त्यावर ५ व्होल्ट दिसले तर सर्व ठीक समजावें. शून्य दिसले तर यंत्र अखंड 'पुन्हां सुरू कर' अशी आज्ञा ऐकत बसलें आहे, आणि मग खेळ कधींच सुरू होणार नाहीं. चित्रचिपेचा १९ वा पाय गणितचिपेच्या ३३ व्या पायास प्रत्येक पडदा भरल्यावर अशीच अभावानें हांक देतो. ती हांक इतकी क्षणिक असते कीं साधा मल्टिमीटर तिला पाहूं शकत नाहीं. तेथें लहर दाखविणारा ऑसिलोस्कोप हवा.

एवढा नकाशा हातीं आल्यावर दुरुस्तीचें स्वरूपच बदलतें. आवाज येतो, खेळहि चाललासा वाटतो, परंतु चित्रें विस्कटलेलीं आहेत : तर चित्रचिप, तिची स्मृतिचिप आणि खांचेचे तिच्याकडे जाणारे बिंदु यांचाच तपास करावा. आवाजहि नाहीं, चित्रहि नाहीं : तर पुरवठा, स्फटिक व ३ रा पाय आधीं पाहावे. कित्येकदां दोष चिपेंत नसतोच. खांचेंतला एखादा मळलेला बिंदु किंवा पायाशीं तडकलेलें सोल्डर एवढेंच कारण असतें. अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या यंत्राचा लावावयाचा झाल्यास त्याच्या टोंकाची धन व ऋण बाजू मूळच्याशीं जुळते कीं नाहीं हेंहि आधीं पाहावें.

स्वस्त प्रतिकृतींत पुढें पुढें दोन्ही मोठ्या चिपा एकींत कोंबल्या गेल्या आणि तिच्यावर काळ्या राळेचा गोळा ओतला गेला. तेथें मोजावयास पाय उरत नाहींत, अंक वाचावयास पाठ उरत नाहीं. तथापि ६० बिंदूंची खांच मूळच्याच मापाची व क्रमाची असली पाहिजे, नाहींतर जुन्या कॅसेट तीवर चालल्याच नसत्या. म्हणून अशा यंत्राचें वाचन खांचेपासून आंत करावयाचें. गाभ्याचें दार बंद असलें तरी बाहेरच्या साठ उंबऱ्यांवर उभें राहून आंत कोण बोलतें व कोण गप्प आहे हें ओळखतां येतें. याहून खोल जाणारेहि आहेत. कांहीं अभ्यासकांनीं ६५०२ चा गाभा उघडून सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं आणि त्यांतील ३५१० ट्रान्झिस्टरांचें जाळें संगणकावर जसेंच्या तसें चालवून दाखविलें. पदच्छेदापासून वर्णच्छेदापर्यंत जाण्यासारखेंच तें कार्य होय.

कोणी म्हणेल, एका खेळण्यासाठीं एवढे श्रम कशाला? याचें उत्तर खेळण्यापुरतें नाहीं. हातमाग गेले, यंत्रमाग आले. ज्या कारखान्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलें, तेथें हुक उचलण्याची आज्ञा अशाच एका पाटीवरून येते. पुठ्ठ्याची पट्टी फाटली तर ती पाहून दुसरी पाडणारा कारागीर गांवांतच होता. पाटी गप्प झाली तर, तिचा नकाशा कोणाजवळ नसल्यास, माग उभा राहतो आणि त्यावरच्या माणसाची मजुरीहि उभी राहते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. हक्क कायद्यानें मिळूं शकेल. परंतु तो बजावण्यास लागणारें ज्ञान कोणींतरी वहींत उतरवूनच ठेवावें लागतें.

म्हणून सुटींत घरांतील मुलांच्या हातीं असें एखादें बंद पडलेलें यंत्र द्यावें. सोबत एक मल्टिमीटर, एक भिंग आणि चार रकान्यांची वही द्यावी : पाय, नांव, कशाशीं सलग, प्रमाण कोणतें. सोल्डरची तापलेली कांडी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालींच हातीं घ्यावयाची. भिंतींतल्या विजेवर थेट चालणाऱ्या यंत्रांचें, विशेषतः जुन्या टी.व्ही.चें, झांकण मुलांनीं मुळींच उघडावयाचें नाहीं, कारण वीज काढल्यावरहि त्यांत ती दबा धरून बसलेली असते. एका भावंडानें मोजावें, दुसऱ्यानें लिहावें, आणि दुसऱ्या दिवशीं अदलाबदल करून तीच मोजणी पुन्हां करावी. दोन्ही वह्या जेथें जुळणार नाहींत त्या पायापाशीं खरा अभ्यास सुरू होतो. यंत्र चालूं झालें तर आनंदच. न झालें तरी 'हें मला कसें कळलें?' असा रकाना प्रत्येक विधानापुढें ठेवण्याची संवय मुलांस लागेल, आणि ती त्यांस यंत्रांखेरीज इतर ठिकाणींहि उपयोगी पडेल. वही मात्र पाटीसोबतच त्याच खोक्यांत जपून ठेवावी. पुढें तें खोकें जो कोणी उघडील त्याला आरंभापासून मोजावें लागणार नाहीं.